माछापुछ्रेची दुसरी शेपटी

आमच्या गच्चीवरून माछापुछ्रेच्या दोन्ही शेपट्या दिसतात, हा शोध मला दशैंचा सण आटोपल्यावर एका सकाळी दात घासता घासता लागला.

माछापुछ्रे म्हणजे माशाची शेपटी. शिखराला दोन टोकं आहेत म्हणून हे नाव. पण ती दोन टोकं बघायची तर पश्चिमेकडच्या डोंगरात तंगड्या तोडत जावं लागतं. आमच्या पोखरा शहरातून बघणाऱ्याला एकच टोक दिसतं. हे मी हायस्कुलात भूगोल शिकवताना फळ्यावर चित्र काढकाढून सांगत आलो. ज्या पोरांनी पेपरात पोखऱ्यातून दोन टोकं दाखवली त्यांचे गुण कापण्यात मी कधी हयगय केली नाही.

आणि त्या सकाळी, तोंडात फेस असताना, मला स्वच्छ दोन दिसली. एक ठळक. दुसरं त्याच्या उजव्या खांद्याला टेकलेलं, जरा पुसट, धाकट्या भावासारखं. मी तोंड धुतलं, डोळे धुतले, पुन्हा वर आलो. दोनच.

"अगं, वर ये लवकर!" मी बायकोला हाक मारली.

"भात उतू जातोय."

"भात रोज उतू जातो. शेपटी रोज दिसत नाही."

विष्णुमाया हातातल्या पळीसकट वर आली. मी उत्तरेकडे बोट केलं.

"किती टोकं दिसतात?"

"एक."

"नीट बघ. चष्मा लाव."

"चष्मा लावून लग्नापासून तुम्हाला बघतेय. तुम्ही एकच दिसता, तोही एकच दिसतो. आणि दोन्ही पुरे आहेत." एवढं बोलून ती भाताकडे गेली.

शेजारच्या गच्चीवर सुबेदार कर्णसिंह गुरुंग उन्हाला पाठ देऊन रेडिओ ऐकत बसले होते. भारतीय फौजेतून पेन्शन घेऊन आलेला माणूस. मिशा अजून ड्यूटीवर असल्यासारख्या उभ्या. आमचं वैर असं नाही, पण मी काही म्हटलं की त्याच्या उलट म्हणणं ही ते स्वतःची जबाबदारी समजतात.

"सुबेदारसाब, माछापुछ्रेला आज किती टोकं आहेत?"

"एक!" त्यांनी मानही न वळवता हुकूम सोडला.

आता एखादा साधा माणूस इथे थांबला असता. पण मी भूगोलाचा माणूस. दोघांना एक दिसतं आणि मला दोन, याचा अर्थ त्या दोघांना निरीक्षणाचं शिक्षण नाही, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. कारणही सापडलं. भूकंपात जमीन सरकते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्या मोठ्या भूकंपात आमचं घर पश्चिमेकडे सरकलं असणार, आणि तेही नेमकं हवं तेवढंच. सुबेदारांचं घर सरकलं नव्हतं. त्यात माझा काय दोष?

असा योग आयुष्यात एकदा येतो. मी ठरवलं, गच्चीवर दर्शनस्थळ उभारायचं. जरासा उंच ओटा, चढायला लोखंडी जिना, धरायला कठडा, बस्स. फार मोठं काही नाही.

पण जिना लावायचा तर पाण्याची टाकी मध्ये येत होती. टाकी हलवली तर नळ फिरवावे लागले. नळ फिरवताना जुना पाइप फुटला आणि खालच्या मजल्यावरच्या दुकानात साखरेच्या पोत्यावर धार लागली. दुकान शोभा साहुनीचं. साहुनी आमची भाडेकरू आहे, पण बोलताना घर तिचं आणि आम्ही वर राहायला आलोत असं वाटतं. तिने आधी साखरेवरून मला झापलं आणि मग कल्पना ऐकून एकदम गोड झाली.

"सर, नुसतं बघायला कोण येणार? चहा ठेवा. चहाबरोबर गरम तळलेली सेलरोटी. सेलरोटी माझ्याकडची."

"हे ज्ञानाचं काम आहे, साहुनी."

"ज्ञान घेतल्यावर भूक लागत नाही का?"

मग गल्लीतला प्रत्येक जण सल्ला द्यायला जिना चढू लागला. एकाने घंटा बांधायला सांगितली. एक म्हणाला, दुर्बीण ठेवा. दुसरा म्हणाला, दुर्बीण नको, लोक शेजारच्या न्हाणीघरात बघतील. विष्णुमायाचं म्हणणं एवढंच होतं, की आंबवलेल्या पाल्याचं गुंद्रुक वाळवायची तिची जागा गेली. वर्षभराच्या भाजीचा प्रश्न आहे. मी म्हटलं, इतिहास घडताना गुंद्रुक आड येत नाही. त्यावर तिने दोन दिवस माझ्या ताटात गुंद्रुकाशिवाय काही वाढलं नाही.

वॉर्ड ऑफिसात परवानगी मागायला गेलो, तर कारकुनाने विचारलं, "कशासाठी बांधकाम?"

"शेपटी बघण्यासाठी."

त्याने फॉर्मातल्या रकान्यांवरून दोनदा बोट फिरवलं. त्याच्याकडे गोठा होता, कोंबड्यांचं खुराडं होतं, पण शेपटीसाठी रकाना नव्हता. अखेर त्याने मला डिश अँटेनाखाली बसवलं. शोधकाला सरकारदरबारी कुठे बसवतील याचा नेम नाही.

ओटा झाला. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात लिहून घेतलं, 'येथून माछापुछ्रेची दोन्ही टोके दिसतात'. मी पर्यटन कार्यालयाला कळवलं, की शहराच्या नकाशावर या स्थळाची नोंद व्हावी. आणि आश्चर्य म्हणजे ते लोक खरंच पाहणीला आले.

दोघे आले. एक अधिकारी पौडेल, आणि दुसरे काठमांडूहून आलेले इंजिनिअर तुलाधर. पौडेल माझाच विद्यार्थी. पोखऱ्यात निम्म्या खुर्च्या माझ्या विद्यार्थ्यांनी धरलेल्या आहेत. त्याने वाकून नमस्कार केला, तेव्हाच मी निश्चिंत झालो. हवा काचेसारखी होती. अर्धी गल्ली आमच्या गच्चीवर, उरलेली सुबेदारांच्या गच्चीवर.

मी पौडेलला ओट्यावर उभं केलं. "बोल. किती टोकं?"

त्याने बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. थंडीत त्याच्या कपाळावर घाम आला.

"सर, एक तर आहेच."

"आणि?"

"आणि... दुसरं असायला हवं, सर."

"असायला हवं की आहे?"

"सर म्हणतात म्हणजे आहेच, सर." तो बिचारा लिहायलाही तयार झाला होता. पण तुलाधर काही माझ्या वर्गात बसलेले नव्हते.

"अहो, एकच आहे," ते म्हणाले.

पलीकडून सुबेदार गरजले, "एकच! मी पहिल्यापासून सांगतोय!"

"तुम्ही तिकडे बघा आधी," मी ओरडलो. सुबेदार त्या वेळी टाकीकडे तोंड करून उभे होते. पण त्याचा अर्थ कुणाच्या लक्षात आला नाही. माझ्याही नाही.

तुलाधर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सर, डावा डोळा झाका बघू. आता?"

"दोन."

"उजवा झाका. आता?"

डाव्या डोळ्याने एकच दिसत होतं, आणि तेही पिवळट धुक्यात. मी उजवा उघडला. दोन. झाकला. एक. गल्ली श्वास रोखून माझी ही उघडझाप बघत होती.

"रात्री दिव्याभोवती कडं दिसतं का?"

"दिसतं. तिहार जवळ आलाय, दिव्यांचा सण, म्हणून दिसत असेल."

"माझ्या आईला दोन चंद्र दिसायचे," तुलाधर म्हणाले. "आम्ही वर्षभर त्याला तिची भक्ती समजत होतो. मोतीबिंदू निघाला. सर, डोळे दाखवून घ्या."

मोतीबिंदू हा शब्द गच्चीवरून जिन्याने उतरून साहुनीच्या दुकानात पोचला, तिथून नाक्यावर गेला, आणि मी खाली येईपर्यंत भाजीवालीने मला विचारलं, "सर, मी एकच आहे ना?"

सुबेदारांचं हसणं त्या दिवशी रेडिओपेक्षा मोठ्याने लागलं होतं. पौडेल जाताना पुन्हा पाया पडला. तो विद्यार्थी म्हणून पडत होता की समाचाराला आल्यासारखा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. विष्णुमायाने चहा आणून उशाशी ठेवला. मग म्हणाली, "म्हणून तुम्ही परवा माझ्या बहिणीला मला समजून हाक मारलीत."

"ती तुझी साडी नेसली होती."

"ती सलवार घालून होती." कप पुढे सरकवत ती म्हणाली, "मागच्या आठवड्यात रस्ता ओलांडताना तुमच्या अंगावर मोटरसायकल आली. मी बाही धरून ओढलं, तर माझ्यावरच चिडलात. मला वाटलं, वय झालं, तिरसट झालात. दिसतच नाही हे माझ्या मनातच आलं नाही."

मी उठून बसलो आणि चहा घेतला. मोटरसायकल मला खरंच दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांचा विषय बदलला. माणसं तीच, जिना तोच.

"कच्चा काढू नका, सर," साहुनी म्हणाली. "मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो. कच्चा काढला तर डोळा नासतो. माझ्या सासऱ्यांनी पिकू दिला होता."

"मग?"

"मग ते गेले. पण डोळा नासला नाही."

एकाने गाजरं सांगितली. एकाने गुलाबपाणी. कुणी म्हणालं, फक्त थंडीतच करा. कुणी म्हणालं, थंडीत मुळीच नको. साहुनीने बरणीतला मध दिला, रानातला, अगदी अस्सल. काडीने डोळ्यात घालायचा. तो मी घातला, आणि पुढचा अर्धा दिवस नळाखाली डोकं धरून काढला. डोळा टोमॅटो झाला, आणि दोन शेपट्यांच्या जागी एकही दिसेना. तेव्हा विष्णुमायाने माझी टोपी आणून डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "चला."

डोळ्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टर रेग्मी वयाने लहान, अंगाने लहान, आवाजाने हेडमास्तर. माझी हनुवटी यंत्रावर टेकवून त्यांनी डोळ्यात उजेड सोडला.

"हे लाल कशाने झालं?"

"मध."

"मध पोळीला लावतात," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कागदावर 'मध' लिहून खाली दोन रेघा मारल्या, आणि त्या जास्त लागल्या.

मग त्यांनी समजावलं. डोळ्याच्या बाहुलीमागे एक भिंग असतं, पाण्यासारखं नितळ. त्यातून उजेड आत जातो, आत पडद्यावर चित्र उमटतं. वय झालं की ते भिंग गढूळ होतं. कुणाचं कडेने, कुणाचं मधोमध. तुमच्या उजव्या डोळ्यात ते अशा जागी गढुळलंय की येणारा उजेड फुटतो, म्हणून एकाची दोन चित्रं.

"म्हणजे डोळ्यावर साय येते तसं?"

"बाहेरून काही येत नाही, सर. आतलं भिंगच गढूळ होतं. म्हणून ते धुऊन जात नाही, थेंबांनी विरघळत नाही, गाजरांनी हटत नाही. एकच उपाय. गढूळ भिंग काढायचं, त्या जागी नवं बसवायचं. छोटीशी चीर असते, बहुतेकदा टाकासुद्धा लागत नाही."

"पिकेपर्यंत थांबलं तर?"

"आंबा आहे का तो? थांबलात तर टणक होतो आणि काढायला जड जातो. तुमची कामं अडताहेत ना? मग हीच वेळ."

"नवं भिंग कुठून येतं?"

"आपल्याच देशात बनतं."

हे ऐकून मला एकदम बरं वाटलं. आमच्याकडे काडेपेटीपासून कांद्यापर्यंत सगळं सीमेपलीकडून येतं. निदान माझी दृष्टी तरी स्वदेशी असणार होती.

तपासण्या झाल्या. साखर ठीक. उरला रक्तदाब. नर्सने दंडाला पट्टा बांधला आणि विष्णुमायाला विचारलं, "आमा, यांना प्रेशरचा त्रास आहे का?"

"यांना कसला त्रास? त्रास आम्हाला," विष्णुमाया म्हणाली, आणि सुरू झाली. मुळ्याचं लोणचं कसं चोरून खातात. गोळी दिली की कुंडीत कशी टाकतात. शेपटीपायी टाकी कशी फोडली. दर वाक्यागणिक काटा वर चढत होता. नर्स एकदा काट्याकडे बघे, एकदा विष्णुमायाकडे. शेवटी तिने पट्टाच सोडला.

"आमा, तुम्ही जरा बाहेर बसता?"

पण तोवर व्हायचं ते झालं होतं. एवढ्या प्रेशरवर डोळ्याला हात लावणार नाही, असं डॉक्टर रेग्मींनी सांगितलं. गोळी रोज घ्या, कुंडीला नको. पुढच्या आठवड्यात या. आणि दाराशी जाताना म्हणाल्या, "सर, सोबत दुसऱ्या कुणाला तरी आणा."

दुसरं कोण? मुलगी सिडनीला. शेवटी सुबेदारसाबच म्हणाले, "मी येतो. मास्तरसाबांना सुई टोचताना बघायला मी सुट्टी घेऊनही आलो असतो."

ठरल्या सकाळी ते कोट चढवून, छातीवर पदक लावून, बगलेत घोंगडी आणि हातात थर्मास घेऊन हजर. वाटेत बसमध्ये त्यांनी सगळ्या उतारूंना सांगितलं, की या म्हाताऱ्याला दोन-दोन दिसतं, म्हणून तिकिटं दोन काढलीत.

इस्पितळात या खेपेला प्रेशर शहाण्यासारखं वागलं. मला भिंगाचं माप घ्यायला आत नेलं. सुबेदार बाहेर उभे राहून कंटाळले आणि समोरच्या बाकावर टेकले. तो बाक नेमका बाहुली मोठी करायच्या थेंबांसाठी थांबलेल्या पेशंटांचा होता. नर्स ओळीने आली.

"वर बघा."

फौजेतला माणूस. 'वर बघा' म्हटल्यावर कारण विचारायची सवयच नाही. त्यांनी वर बघितलं. थेंब पडले. थोड्या वेळाने पुन्हा आली. "वर बघा." पुन्हा पडले. तिसऱ्या खेपेला त्यांना संशय आला.

"हे सोबतच्या माणसांनाही देतात का?"

मी बाहेर आलो तेव्हा इस्पितळात हलकल्लोळ. नर्स रडवेली, सुबेदार भिंत चाचपताहेत आणि सांगताहेत, "मी पेशंट नाही! मी यांच्यासोबत आहे! मला काही झालेलं नाही!"

डॉक्टर रेग्मी आल्या. आधी त्यांनी नर्सच्या वतीने हात जोडून माफी मागितली. मग म्हणाल्या, "सुबेदारसाब, बाहुल्या मोठ्या झाल्याच आहेत, तर एकदा बघू द्या." आणि त्यांना यंत्रापुढे बसवलं. खूप वेळ बघितलं.

"उजव्या डोळ्याने माझी बोटं मोजा."

"हात दिसतोय."

"बोटं?"

"हात आहे म्हणजे पाच असणारच."

"मी दोनच धरलीत," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा मोतीबिंदू सरांपेक्षा कितीतरी पुढे गेलाय. या डोळ्याला नुसता उजेड-अंधार कळतोय. केव्हापासून?"

सुबेदारांच्या मिशा पहिल्यांदाच खाली आल्या. माझं काळीज मात्र उंच उडी मारून बसलं. हे मी लपवत नाही.

"सुबेदारसाब," मी शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "मग गच्चीवरून एकच, एकच म्हणून ओरडत होतात ते कशाच्या बळावर?"

"लहानपणापासून एकच आहे. त्यात बघायचं काय?"

डॉक्टर म्हणाल्या, दोघांचंही आजच करता येईल. त्यांच्या तपासण्या लगेच झाल्या, सगळं व्यवस्थित निघालं. घरी फोन झाला, घरून होकार आला. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की सुबेदार घोंगडी गुंडाळून दाराकडे सरकताहेत.

"कुठे?"

"म्हशीला पाणी दाखवायचंय."

"तुमच्याकडे म्हैस नाही."

ते थांबले. खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तरसाब, या मांडीत गोळी घेतलीय मी. ओरडलो नाही. पण डोळ्यात... डोळ्यात कुणी हात घालायचा म्हणजे..." त्यांनी गुंडाळलेली घोंगडी छातीशी धरली. मला अचानक हसू येईना. खरं सांगायचं तर मलाही गेला आठवडाभर झोप नव्हती, फक्त मी त्याला प्रेशर म्हणत होतो.

"मलाही भीती वाटते," मी म्हटलं.

"तुम्ही मास्तर आहात. तुम्हाला वाटणारच."

"ठीक आहे. मग मी पुढे जातो. तुम्ही घरी जा. गल्लीत विचारलं तर सांगेन, सुबेदारसाबांना म्हशीला पाणी दाखवायचं होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे एका डोळ्याने बघितलं. मिशा हळूहळू वर गेल्या.

"मास्तराच्या मागून गुरुंग जाणार? कुठली खोली?"

आणि ते माझ्या पुढे आत गेले. दारातून त्यांचा मोठा आवाज आला, "पदक काढायचं का?"

माझी पाळी आली. दोघांच्याही कपाळावर, ज्या डोळ्याचं काम त्याच्यावर, शाईची खूण केली होती. डोळ्याभोवती बधिर केलं, तोंडावर कापड घातलं, डोळ्यापुरतं भोक ठेवलं. वर झगझगीत उजेड. दुखलं म्हणाल तर नाही. पाण्याची सळसळ, कसलीशी गुणगुण, आणि त्या उजेडात रंग हलत होते, लाल, निळे, जत्रेतल्यासारखे. मला त्यावर पुष्कळ बोलायचं होतं.

"डॉक्टर, हे जे रंग..."

"सर, बोलू नका."

"फक्त एवढंच, की..."

"हलू नका, बोलू नका."

तेवढा वेळ गप्प राहणं, हाच त्या शस्त्रक्रियेतला अवघड भाग. मी मनात नद्यांची नावं म्हणू लागलो. कालीगंडकीपर्यंत पोचलो नाही, तोच त्या म्हणाल्या, "झालं."

"काय झालं? सुरू कधी केलं?"

रात्र इस्पितळातच काढली. सकाळी आम्हाला अंगणात बाकांवर ओळीने बसवलं. सगळ्यांच्या एकेका डोळ्यावर पट्टी. माझ्या डावीकडे सुबेदार, उजवीकडे बागलुंगच्या डोंगरातून आलेली एक म्हातारी. तिला दोन्ही डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. सून तिला पाठुंगळीवर घेऊन बसपर्यंत उतरली होती.

आधी तिची पट्टी निघाली. ती डोळे मिचकावत बसली. मग समोर वाकलेल्या सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला. नाक, गाल, कपाळ, सगळं नीट बघितलं. सून लग्न होऊन घरात आल्यापासून म्हातारीने तिला पाहिलेलंच नव्हतं.

"नाक चांगलं आहे की गं तुझं," म्हातारी म्हणाली. "मेल्या सगळ्या वाईट सांगत होत्या."

सून हसायला लागली आणि हसता हसता तिथेच खाली बसून रडायला लागली. आम्ही बाकावरचे सगळे नाक पुसू लागलो. नर्स ओरडत होती, "डोळ्याला हात लावायचा नाही! कुणीही हात लावायचा नाही!"

मग सुबेदारांची निघाली. त्यांनी आधी नर्सची बोटं न विचारता मोजून दाखवली. मग माझ्याकडे वळले आणि दचकले.

"मास्तरसाब! तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?"

तेवढ्यात माझी पट्टी सुटली. मी त्यांच्याकडे बघितलं. सुरकुत्या, चामखीळ, आणि मिशांना लावलेलं काळं काजळ, सगळं लख्ख दिसलं.

"तुमच्या पाठोपाठ," मी म्हटलं.

आणि मग मी मान वर केली. इस्पितळाच्या भिंतीपलीकडे, आभाळात, माछापुछ्रे उभा होता. टोक एक. पण काय एक! चाकूने कापून काढल्यासारखं. बर्फ पांढरं असतं हे मी जन्मभर शिकवलं. ते किती पांढरं असतं हे मला त्या सकाळी कळलं. माझ्या डोळ्यात पिवळ्या काचेचं तावदान बसलं होतं, आणि मी बिचाऱ्या हिमालयाला मळकट समजत होतो.

"किती?" सुबेदारांनी विचारलं.

"एक," मी म्हटलं. "तुम्हाला?"

त्यांनी पहिल्यांदाच मान वळवून, नीट, बराच वेळ बघितलं.

"एकच," ते हळूच म्हणाले. "पण हे असं होतं होय?"

डॉक्टर रेग्मींनी जाताना पथ्यं सांगितली. थेंब वेळेवर, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी नाही, ओझं उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही. दुसरा डोळा काही आठवड्यांनी. आम्ही दोघे काळे चष्मे लावून टॅक्सीने परत निघालो. सुबेदार वाटेतल्या प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्याने वाचत होते.

गल्लीच्या तोंडाशीच साहुनीने टॅक्सी अडवली. इकडेतिकडे बघून खिडकीतून डोकं आत घातलं.

"सर, मलाही हल्ली दिव्याभोवती कडं दिसतं. पिकू देऊ का?"

"आंबा आहे का तो?" मी म्हटलं. हे वाक्य म्हणायला मिळावं म्हणून पुन्हा एकदा मोतीबिंदू झाला तरी चालेल, असं मला वाटून गेलं. "गुरुवारी तयार राहा. मी स्वतः घेऊन जातो. मध घरी ठेवा."

"माझ्या चुलतभावालाही, सर," मागून कुणीतरी म्हणालं. "आमच्या आईलाही," दुसरं कुणी म्हणालं. जे लोक माझ्यावर हसायला जिना चढले होते, ते आता टॅक्सीला गराडा घालून मला विचारत होते, दुखतं का, टाके पडतात का, किती वेळ लागतो. मी खिडकीतून एकेकाला उत्तर देत होतो. हायस्कूल सोडल्यापासून असा भरलेला वर्ग मला मिळाला नव्हता.

टॅक्सी पुढे जाऊन थांबली. पण भलत्याच घरासमोर. मी ड्रायव्हरला म्हटलं, "अरे, हे नाही. आमचं घर राखाडी रंगाचं आहे."

"हेच, मास्तरसाब," सुबेदार म्हणाले. त्यांचा आवाज विचित्र झाला होता.

दारात विष्णुमाया उभी होती. मागे ते घर. जांभळं. साधं जांभळं नव्हे, पिकलेल्या जांभळाच्या रसात रात्रभर भिजवून काढल्यासारखं. मागच्या खेपेला घर रंगवताना रंग मी निवडला होता. शांत, भारदस्त राखाडी, मास्तराच्या घराला शोभेल असा. मी नवा डोळा मिटला. राखाडी. जुना मिटला. जांभळं. सगळ्या गल्लीने इतकी वर्षं हे सहन केलं होतं, आणि सरांना कोण सांगणार म्हणून एक अवाक्षर काढलं नव्हतं.

"तू तरी सांगायचंस," मी विष्णुमायाला म्हटलं.

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, भूगोलाच्या माणसाला रंग शिकवू नकोस."

सुबेदार हसू लागले. हसण्याने डोळ्याला ताण पडतो म्हणून ते दाबायला गेले, तर ते मिशांतून फुटलं. विष्णुमायाने पदर तोंडाला लावला. ती इतकी हसत होती, आणि गालावरची ती खळी, जी मी पार विसरलो होतो, ती अजून तिथेच होती. मी काळा चष्मा काढून ती पुन्हा एकदा बघितली. कुणाला काही कळू दिलं नाही.

मग सगळ्या गल्लीच्या समोर मी टोपी सारखी केली, आणि खाली वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंच होतं, तेव्हा मान ताठ ठेवून त्या जांभळ्या घरात शिरलो.